भिंतीवरचा रिकामा रकाना

सालवड, पो. बोईसर
१२ जुलै १९६४

चि. कृष्णकांतराव यांस नर्मदाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुमचे कार्ड परवा पोचले. तीन ओळींचे होते, पण मधली ओळ मी चार वेळा वाचली. आनंदीला तिसरा महिना आहे हे तुम्ही एखाद्या कागदाची पोच द्यावी तसे लिहिले आहे. राग नाही. सरकारी नोकरीत हाताला तशी सवय लागत असेल.

मीही सरळच लिहिते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला आई नाही, मला दुसरे मूल नाही. दिल्लीत पोरीच्या पाठीला तेल कोण लावणार? दसऱ्याच्या सुमारास सातवा लागेल, तेव्हा तिला आणून सोडावे. इथे काशीबाई सुईण आहे, तिच्याच हातून आनंदी झाली. घरचे तांदूळ आहेत, वाडीत केळी आहेत, दूध शेजारच्या गोठ्यातले. मुरबे गावची कोळीण दर दोन दिवसांनी पाटी घेऊन येते आणि दर वेळी विचारते, "तुमची पोर येतं कधी? तिच्यासाठी बोंबील राखून ठेवतंय मी." मी तिला सांगितले, जावयाला विचारते.

भाताची लावणी अर्धी झाली आहे. माझी तब्येत ठीक. उत्तर कार्डावर नको, इनलँडवर द्यावे.

नर्मदाबाई


सेवानगर, नवी दिल्ली
२३ जुलै १९६४

ती. आई यांस कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. उत्तर लिहिण्यास वेळ लागला, कारण ते आपल्याला आवडणार नाही.

मी आरोग्य मंत्रालयात कारकून आहे एवढे आपल्याला ठाऊक आहे. काम कसले, ते कधी सांगितले नव्हते. मी हिवतापाच्या शाखेत बसतो. देशभर घरांवर डी. डी. टी. फवारण्याची आणि घरोघर तापाचा माणूस शोधण्याची जी मोहीम चालू आहे, तिची मासिक पत्रके राज्याराज्यांतून आमच्याकडे येतात. ती मी टाइप करतो. आमच्या खोलीत देशाचा नकाशा आहे. जिथे ताप गेला तिथे हिरवा रंग. आपला सगळा किनारा हिरवा आहे. पण गेल्या महिन्यात साहेबांनी तारापूरपाशी पेन्सिलीने एक वर्तुळ काढले. तिथे अणूवर चालणारे वीजघर उभे राहते आहे आणि मजूर लांबलांबहून येत आहेत. ते येताना ताप बरोबर आणू शकतात. सालवड त्या वर्तुळात येते.

गरोदर बाईला हिवताप झाला तर काय होते याचे कागदही माझ्याच हातून जातात. शिवाय आनंदीने मला तिच्या वडिलांचे सांगितले आहे. त्याच घरात, त्याच खोलीत तिला पाठवायला माझे मन घेत नाही. इथे मोठे हॉस्पिटल आहे, नाव नोंदवले आहे.

आपण रागावू नये.

आपला
कृष्णकांत


सालवड
३ ऑगस्ट १९६४

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

रागावले नाही. पण एक गोष्ट मला उमगली नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तुम्ही कागदावर लिहिता की सालवडचा ताप गेला, आणि पाचनंतर घरी येऊन बायकोला सांगता की सालवडला ताप आहे. दोन्हीपैकी एक तरी खोटे असायला हवे. कोणते ते कळवा.

आनंदीच्या वडिलांचे तुम्ही काढले आहे, तर मीच सांगते. एकोणपन्नास सालचा अश्विन होता. कापणी तोंडावर होती. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, मग ताप, मग घाम, मग माणूस उठून वाडीत जायचा. प्रत्येक घरात एक-दोघे तसेच असायचे, म्हणून कोणी घाबरायचे नाही. तिसऱ्या आठवड्यात ते उठले नाहीत. आनंदी सहा वर्षांची होती, तिलाही ताप होता, ती वाचली. फवारणीवाले त्यानंतर चौथ्या वर्षी आले. मी दारात उभी राहून त्यांना बघत होते. चार वर्षे उशिरा आलात असे त्यांना म्हणावेसे वाटले, पण ते बिचारे पंप पाठीवर घेऊन घामाघूम झाले होते. मी त्यांना पाणी दिले.

तेव्हापासून ह्या घरात हिवताप आलेला नाही. हे मी नकाशा बघून सांगत नाही.

आता खात्याचा माणूस दर पंधरवड्याला सायकलवर येतो. पंढरी नाव, नगरकडचा आहे. गावात त्याला रक्तवाला म्हणतात. "मावशी, घरात कुणाला ताप?" एवढेच विचारतो. असला तर बोटाला टोचून काचेवर रक्त घेतो, चार कडू गोळ्या समोर गिळायला लावतो आणि काच पालघरला पाठवतो. जाताना भिंतीवरच्या गेरूच्या चौकटीत तारीख घालतो. मला अक्षरे आनंदीच्या पाटीवरून आली, ती शाळेत जायला लागली तेव्हा. पाटीबाहेर मी वाचलेले पहिले अक्षर ह्या चौकटीतलेच. घर नंबर, माणसे किती, तारीख. तेव्हा भिंत सांगते ते मी बरोबर मानते.

नर्मदाबाई


सेवानगर
१८ ऑगस्ट १९६४

ती. आई यांस सा. न. वि. वि.

आपला प्रश्न मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. पत्रक खोटे नाही. पण पत्रक कसे बनते हे मला माहीत आहे, म्हणून मी भितो. भिंतीवरच्या तारखा माणूस वहीत उतरवतो, वहीवरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा, असे करत ते माझ्या टाइपरायटरवर येते. एखादा माणूस गावात न जाता आंब्याखाली बसला आणि सहा महिन्यांच्या तारखा एका दमात भरल्या, तरी माझ्यासमोर येणारा आकडा तसाच सुबक दिसतो. दिल्लीत बसून खरी तारीख आणि आंब्याखालची तारीख वेगळी ओळखता येत नाही. पंढरी तसा आहे असे मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेले नाही.

आपल्या भिंतीवरच्या ह्या वर्षाच्या तारखा जशाच्या तशा उतरवून पाठवाल का? काही गाळू नये.

आनंदी बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढेच.

कृष्णकांत

ता. क. आई, मी बोलते गं, पण कामापुरते. ह्यांना नकाशा बघून झोप लागत नाही आणि मला ह्यांच्याकडे बघून. बोंबलाचे लिहून तू मोठे पाप केलेस. इथे मासा मिळतो, पण बर्फात झोपलेला. — आनंदी


सालवड
१ सप्टेंबर १९६४

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

चष्मा लावून, स्टुलावर उभी राहून उतरवले आहे. महिन्याच्या आधी दिवस लिहिला आहे, तसाच वाचावा.

६-१, २०-१, ३-२, १७-२, २-३, १६-३, ३०-३, १३-४, २७-४, ११-५, २५-५, ८-६. पुढचा रकाना रिकामा. मग ६-७, २०-७, ३-८, १७-८, ३१-८.

जूनच्या बावीसची तारीख नाही. तुम्ही काही गाळू नका म्हणालात म्हणून सांगते, नाहीतर माझ्या मनात तिथे २२-६ लिहून टाकावे असे येऊन गेले. तुम्हाला रिकामा रकाना दिसला की पोर यायची नाही, हे मला कळत होते. पण त्या दिवशी ओढ्याला पाणी होते आणि पंढरी आला नाही. पुढच्या खेपेला मी त्याला म्हटले, "रिकामी जागा वाईट दिसते रे, भरून टाक."

तो म्हणाला, "मावशी, आलो नाही तर लिहू कसं? साहेब ओरडंल, ओरडू दे. कोरं ठेवलं तर निदान कोरं म्हनून तरी दिसंल."

मी त्याला दिल्लीला जावई काय करतो ते सांगितले नव्हते. आता पुढे काय ठरवायचे ते तुम्ही ठरवा. मी पुन्हा आग्रह करणार नाही.

नर्मदाबाई


सेवानगर
१० सप्टेंबर १९६४

ती. आई यांस सा. न. वि. वि.

रजा मंजूर झाली आहे. चौदा ऑक्टोबरला मी आनंदीला घेऊन बोईसरला उतरतो. दसरा आपल्याकडे.

अठरा तारखा ओळीने आल्या असत्या तर मी तिला आणले नसते. बावीस जूनच्या रिकाम्या रकान्यामुळे बाकीच्या सतरा तारखांवर माझा विश्वास बसला. नोकरीला सहा वर्षे झाली, पण मोकळा रकाना पाहून बरे वाटले असे कधी झाले नव्हते.

वीजघराच्या आसपासच्या गावांत ह्या महिन्यात पुन्हा एकदा फवारणी व्हायची आहे, त्याचा कागद मी पाहिला. माणसे आली की त्यांना आतल्या खोलीतही जाऊ द्यावे. देवघर आहे म्हणून बायका अडवतात असे वाचले आहे.

कृष्णकांत


सालवड
९ नोव्हेंबर १९६४

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

तुम्ही जाऊन पंधरा-वीस दिवस झाले. आनंदी चांगली आहे. वजन वाढले असावे, कारण झोपाळा कुरकुरतो. कोळीण आली की दोघींचे अर्धा तास चालते. "ये बाय, दिल्लीवाली, बघ गो, जिवंत हाय अजून," असे म्हणून ती बोंबील हातात हलवून दाखवते. मी ताजे मासे दर तिसऱ्या दिवशी देते, रोज नाही.

तुम्ही इथे असताना भिंतीला बोट लावून वास घेत होतात, ते काशीबाईने पाहिले होते. तेव्हापासून ती गावभर सांगते की जावई भिंत चाटतो. तुम्ही मनावर घेऊ नये.

फवाऱ्याचे पांढरे डाग अजून आहेत तसे आहेत. ढेकूण मेले, त्यामुळे सगळे खूष. आज पंढरी येऊन गेला. आनंदीला विचारले, ताप नाही. चौकटीत "माणसे १" होते, ते खोडून त्याने २ केले.

नर्मदाबाई


सेवानगर
२६ नोव्हेंबर १९६४

ती. आई यांस सा. न. वि. वि.

पत्राने बरे वाटले. भिंत मी चाटली नव्हती.

काल एक परिपत्रक टाइप केले, ते वाचून मला आपले घर आठवले. लोक फवारणीनंतर सणाला, लग्नाला, बाळंतपणाला भिंती शेणमातीने नव्याने सारवतात. त्यामुळे औषध मातीखाली झाकले जाते, डास भिंतीवर निवांत बसतो आणि फवारा फुकट जातो. हे सर्व राज्यांना कळवायचे आहे. साहेब म्हणाले, शिकलेसवरलेले लोकसुद्धा ऐकत नाहीत. मी म्हटले, माझ्या सासूबाई ऐकतात. खोलीत सगळे हसले.

पैसे निराळे पाठवले आहेत. आनंदीला जड उचलू देऊ नये.

कृष्णकांत


सालवड
२ डिसेंबर १९६४

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

पत्र परवा मिळाले. आनंदी ठीक. पाय थोडे सुजतात, काशीबाई म्हणते इतके चालते. वाल पेरले. हवा गार झाली आहे.

भिंतीबद्दल तुम्ही लिहिले ते वाचले. चौकट आहे तिथे आहे. सगळ्या तारखा नीट वाचता येतात.

दुसरे काही विशेष नाही.

नर्मदाबाई


सालवड
८ डिसेंबर १९६४

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नये. आधी बसावे.

काल पहाटे आनंदीला हुडहुडी भरून ताप आला. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ती हुडहुडी मी पंधरा वर्षांनी पुन्हा पाहिली. ह्याच खोलीत.

आता मी मागच्या पत्रात लपवलेले सांगते. भिंत मी सारवली आहे. अठ्ठावीस नोव्हेंबरला सारवली. तुमचे परिपत्रकाचे पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आले, पण तो बहाणा मी करणार नाही. पंढरीने फवारणीच्या वेळीच बजावले होते. मला सगळे ठाऊक होते. काशीबाई म्हणाली, "भिंतीला विष हाय आन् तिथं तान्हं ठेवणार तुमी? मी नाय पाय टाकायची त्या खोलीत." बाळंतिणीची खोली नव्याने सारवल्याशिवाय आमच्याकडे सुईण आत येत नाही, हे खरे. पण तिला मी परतवू शकले असते. मलाच ते पांढरे डाग बघवेनात. नातवंडाने पहिले काय बघायचे, तर ढेकणांचे औषध, असे मनात आले. लाल माती आणली, शेण घातले, तळहाताने सारवले. चांगली दिसत होती.

चौकटीपाशी आल्यावर हात थांबला. अक्षरांवर शेण कसे फिरवायचे? म्हणून तिच्या कडेकडेने सारवले आणि ती तेवढी राखली. तारखा सगळ्या जपल्या, औषध सगळे झाकले. तुम्हाला लिहिले ते वाक्य खोटे नव्हते. ते खोट्याहून वाईट होते.

काल सोमवार, पंढरीची पाळी होती. आत आला, भिंत बघितली आणि म्हणाला, "मावशी, डासाला गोधडी घातली तुम्ही." आनंदीचे रक्त घेतले, गोळ्या दिल्या. तिने एक ओकली, त्याने थांबून दुसरी दिली. काच घेऊन तो तसाच पालघरला गेला, बाकीची घरे आज करतो म्हणाला. निकाल यायला चार-पाच दिवस लागतील.

मी आज सकाळपासून तिच्याजवळ बसून आहे. ताप आत्ता उतरला आहे. तसा तो तेव्हाही उतरायचा. एक दिवसाआड यायचा. उद्या काय होते ते बघायचे.

तुम्ही पाठवत नव्हता, मी भांडून आणली. तुम्हाला बोलायचे ते बोला.

नर्मदाबाई


सेवानगर
१३ डिसेंबर १९६४

ती. आई यांस सा. न. वि. वि.

आपले पत्र काल संध्याकाळी मिळाले. बसून वाचले. रजेचा अर्ज आज साहेबांच्या घरी नेऊन दिला. मंगळवारच्या गाडीचे तिकीट मिळाले आहे. हे पत्र माझ्या आधी पोचते की मागून, ठाऊक नाही.

बोलण्यासारखे काही नाही. परिपत्रक टाइप केले तेव्हा त्याच्या नऊशे प्रती निघाल्या. त्यातल्या एकीतही असे लिहिले नव्हते की सुईण खोलीत यायला तयार नसेल तर त्या घरातल्या बाईने काय करावे. आम्हाला ते सुचलेच नाही. बाळंतपणाला सारवू नका, एवढे लिहून आम्ही मोकळे झालो.

मीही एक लपवले होते. हॉस्पिटलात नाव नोंदवले आहे असे जुलैत लिहिले, ते खरे नव्हते. नोंदवायला गेलो, रांग पाहून परत आलो. आनंदीला सालवडला पाठवण्याची भीती होती, पण दिल्लीत ठेवण्याची सोय नव्हती.

ताप पुन्हा आला असेल तर पंढरीला सोडू नये. तो सांगेल तेवढे दिवस गोळ्या द्याव्यात.

कृष्णकांत


सालवड
१४ डिसेंबर १९६४
(कार्ड)

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

रक्तात हिवताप नाही. पंढरीची आज पाळी नव्हती, तरी कुंभवलीहून सायकल हाणत आला आणि अंगणातूनच ओरडला, "मावशी, काच कोरी हाय." ताप नऊ तारखेला आला नाही, नंतरही नाही. आदल्या संध्याकाळी आनंदी केस ओले ठेवून वाडीत बसली होती, तो गारठा होता. आत्ता भात खाऊन झोपली आहे. मी कार्ड लिहिते आहे ते पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचे म्हणून. घाईचे अक्षर चालवून घ्यावे.

नर्मदाबाई


सेवानगर
१६ फेब्रुवारी १९६५

ती. आई यांस सा. न. वि. वि.

बारशाहून परतल्यावर दोन ओळी टाकल्या होत्या, मोठे पत्र आज लिहितो आहे. घर रिकामे आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे. मुलगी माझ्यासारखी दिसते असे कोळीण म्हणाली, तेव्हा आपण तिला "अजून लहान आहे, बदलेल" म्हणालात. ते मी ऐकले होते.

आज डिसेंबरचे पत्रक टाइप केले. ठाणे जिल्ह्याच्या ओळीत आपला भाग आहे. त्यात गावे नसतात, माणसांची नावे तर नसतातच. तपासलेले रक्ताचे नमुने तीन हजार चारशे सहा. हिवताप आढळला, शून्य. मृत्यू, शून्य.

त्या तीन हजार चारशे सहांत एक काच आनंदीची आहे. कोणती ते मला सांगता येणार नाही, साहेबांना तर नाहीच. मी ते शून्य टाइप केले आणि रोलर मागे फिरवून पुन्हा वाचले. शेजारच्या शर्माजींनी विचारले, रिबन अडकली का? हो म्हटले.

मार्चच्या शेवटी दोघींना न्यायला येतो.

कृष्णकांत


सालवड
२ मार्च १९६५

चि. कृष्णकांतराव यांस आशीर्वाद.

तुमचे पत्र आनंदीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, ह्यांना शून्यावर प्रेम आहे. तिला सांगितले, असू दे, पुष्कळांना तेवढेही नसते.

मी त्या शून्याचा विचार करत होते. आनंदीचे वडील गेले तेव्हा ते कोणत्याही कागदावर गेले नाहीत. ताप म्हणून कोणी लिहिले नाही, विचारायलाच कोणी आले नव्हते. त्या साली सालवडचा रकाना कोरा असेल. कोरे आणि शून्य दिसायला जवळजवळ सारखे, पण शून्य लिहायला कोणीतरी घरोघर जावे लागते. हे मला आता कळले. तेव्हा तुमच्या कामाबद्दल ऑगस्टात जे टोचून लिहिले होते, त्यातले निम्मे मी परत घेते. निम्मे ठेवते.

इथली हकीकत अशी. फवारणीवाले जानेवारीच्या शेवटी सारवलेल्या भिंतीवर पुन्हा फवारून गेले, तेव्हा आनंदी आणि बाळ आठ दिवस पडवीत झोपल्या. काशीबाई नाक दाबून उभी होती. मी तिला म्हटले, "विष असते तर जावई भिंत चाटून मेले नसते का?" परवा गावातल्या जिवल्याच्या सुनेचे बाळंतपण होते, तिथे तिने फक्त जमीन सारवायला लावली, भिंतीला हात लावू दिला नाही. कोणी सांगितले म्हणून विचारले तर म्हणाली, "मलाच म्हाईत हाय, मला कोण शिकवणार." ते मी तसेच राहू दिले. तुमच्या नऊशे कागदांत पुढच्या वेळी सुईणींसाठी दोन ओळी घाला. त्यांचे ऐकतात.

काल पंढरी आला. ताप कुणाला नाही. तारीख घातली, १-३. मग पेन्सिल कानावरून काढून उभा राहिला आणि म्हणाला, "माणसं दोनच लिवलीत अजून. गेल्या खेपा माझ्या ध्यानातून गेलं." बाळाला बघून तो आकडा खोडला आणि ३ केला.

मी म्हटले, "महिनाअखेरीला दोघी दिल्लीला जाणार. मग?"

"मग पुन्हा एक करीन. आज तीन हायेत तर तीनच लिहिनार."

तो गेल्यावर मी स्टूल घेऊन जवळून पाहिले. ह्या घरात आम्ही तिघे होतो ते एकोणपन्नासच्या अश्विनापर्यंत. पहिले फवारणीवाले आले तेव्हा भिंतीवर दोन लिहून गेले, आणि पोरीचे लग्न झाल्यावर एक. तीन कधी लिहिलेच गेले नव्हते. लिहिणारा येईपर्यंत तिसरा माणूस राहिला नव्हता.

तुम्ही न्यायला या, पण महिन्याचा शेवटचा सोमवार होऊन गेल्यावर या. एकोणतीसला त्याची पाळी आहे. तेवढी एक तारीख अजून त्या तीनच्या आकड्याखाली पडू दे.

बाळ आत्ता उठले आहे, म्हणून पुरे करते.

नर्मदाबाई